पद्मिनीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवण्यापूर्वी आणि बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांच्या वेळची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आपण पुण्यात सांभाळून ठेवली आहे. ती दोन आठवडे उभी राहिली की पुष्कळ वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत बोरघाट चढून वर थांबल्यावर पंधरा मिनिटांनी ती मुळीच सुरू होत नाही. मेकॅनिकने इंजिनवरचा जुना पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का, आणि मानला तर काम कसे करून घ्यावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली अनेक वर्षे फियाट, अँबॅसेडर आणि त्यांच्या पिढीतल्या ब्रिटिश गाड्यांच्या इंधनव्यवस्थेचे काम करतो. त्या अनुभवावरून सुरुवातीलाच सांगतो की पंप बसवणे हे दोन तासांचे सोपे काम आहे, परंतु इंजिन कोणत्याही कारणाने बंद पडले की पंपही आपोआप बंद पडेल, अशी जोडणी करणे हे खरे काम आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रिक पंपाच्या बहुतेक गाड्यांत नेमके हेच केलेले नव्हते.

प्रथम जुनी व्यवस्था कशी चालते ते पाहू. पद्मिनीच्या 1089 सीसीच्या इंजिनवर बसवलेला पंप, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सर्रास एसी पंप (एसी हे कंपनीचे नाव) म्हणतात, तो कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने चालतो. लिव्हर डायफ्रॅमला, म्हणजे पंपातल्या लवचिक पडद्याला, खाली ओढतो तेव्हा टाकीतले पेट्रोल खेचले जाते, आणि स्प्रिंग डायफ्रॅमला वर ढकलते तेव्हा ते कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, जाते. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल पुरेसे भरले की वाटीच्या तोंडाशी असलेला सुईसारखा नीडल व्हॉल्व्ह बंद होतो, डायफ्रॅम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता मोकळा हलत राहतो. मागणीइतकाच पुरवठा आणि इंजिन थांबले की पुरवठा बंद, ही दोन्ही कामे हा पंप एकही तार न वापरता करतो. तो काढताना आपण ही सुरक्षितताही काढून टाकतो, आणि ती वेगळ्या मार्गाने परत बसवणे ही आपली जबाबदारी ठरते.

त्याची अडचणही त्याच्या जागेत आहे. तो गरम इंजिनला चिकटून बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल खेचून आणतो. खेचताना पाइपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक 35 ते 40 अंश सेल्सियसलाच उडू लागतात. त्यात 2023 पासून टप्प्याटप्प्याने 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे आले. शुद्ध इथेनॉल 78 अंशांना उकळते, परंतु पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते मधल्या घटकांनाही सोबत घेऊन 60 ते 70 अंशांच्या आसपासच उडू लागते. गाडी धावत असताना हवा आणि वाहते पेट्रोल दोन्ही पंपाला थंड ठेवतात. आपण घाटमाथ्यावर चहाला थांबता तेव्हा पाणी फिरणे थांबते, इंजिनची साठलेली उष्णता पंपात आणि पाइपात शिरते, आणि पाइपात द्रवाऐवजी वाफ भरते. डायफ्रॅम ती वाफ नुसती दाबतो आणि सोडतो, पुढे काहीच सरकत नाही. खंडाळ्याला बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ते फडके म्हणजे त्या चालकांनी अचूक ओळखलेले निदान होते.

तरीही आपल्या गाडीत नेमके हेच होत आहे, असे गृहीत धरू नये. गरम झाल्यावर सुरू न होण्याचे दुसरे कारण कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत) सांडणे हे असते. त्या वेळी इंजिनला पेट्रोल कमी पडलेले नसते, तर जास्त झालेले असते. दोहोंतला फरक ओळखणे अवघड नाही. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहावे आणि थ्रॉटल एकदा हलवावा. ॲक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची धार आली नाही तर वाटी रिकामी आहे. धार आली आणि आतून पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर इंजिन भिजले आहे आणि पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास ते सुरू होईल. या दुसऱ्या दोषावर इलेक्ट्रिक पंप हा उपाय नाही, उलट त्याने तो वाढू शकतो. तिथे कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा आणि त्याचे पॅकिंग, वाटीतल्या तरंगत्या फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह तपासावे लागतात.

वाटी रिकामी निघाली तर पुढची तपासणी पुरवठ्याची. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून त्याचे तोंड एका धातूच्या भांड्यात धरावे, कॉइलची तार काढून ठिणगी बंद करावी, आणि दुसऱ्याला अर्धा मिनिट सेल्फ मारायला सांगावे. प्रत्येक ठोक्याला जोरकस आणि बुडबुडे नसलेली धार यायला हवी. किती पेट्रोल पुरेसे, याचा हिशोबही करून ठेवलेला बरा. सुमारे 40 अश्वशक्तीचे हे इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला जेमतेम 12 ते 13 लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला 200 ते 220 मिलिलिटर. नेहमीच्या चालवण्यात त्याच्या निम्मेही लागत नाही. त्यामुळे ‘मोठा पंप घ्या, पिकअप वाढेल’ असे कोणी सांगितल्यास त्याकडे दुर्लक्ष करावे.

धारेत बुडबुडे दिसले तर दोष बहुधा पंपात नसतो. टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप जुना होऊन त्याला बारीक चिरा पडतात. तिथून पेट्रोल बाहेर गळत नाही, कारण त्या भागात ओढ असते, परंतु हवा आत शिरते. टाकीच्या झाकणाची हवेची वाट बुजली असेल तर टाकीत निर्वात तयार होतो, आणि झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज येतो. पंपाच्या वरच्या झाकणाखालची जाळी गाळाने भरलेली असते. इथेनॉलमुळे जुन्या टाकीतला चिकटा आणि गंज सुटून पुढे येतो, त्यामुळे ही जाळी पूर्वी वर्षातून एकदा पाहत असलो तर आता दोन-तीन महिन्यांनी पाहावी लागते. पंपातला डायफ्रॅम जुन्या जातीच्या रबराचा असेल तर इथेनॉलने तो फुगतो किंवा कडक होतो. इथेनॉल सोसणाऱ्या डायफ्रॅमचा दुरुस्ती संच घालून पंप नीट केला, पाइप बदलले आणि सायलेन्सरच्या जवळून जाणारी लाइन थोडी दूर घेतली, तर मी हाताळलेल्या निम्म्याहून अधिक गाड्यांत इलेक्ट्रिक पंपाची गरजच उरली नाही.

दोन आठवडे उभ्या गाडीला सेल्फ जास्त लागणे हा तर बहुतेक वेळा दोष नसतोच. वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि पंपाला रिकामी लाइन पुन्हा भरावी लागते. आपल्या पंपाच्या खाली हाताने हलवायचा छोटा लिव्हर असेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी तो वीस-पंचवीस वेळा दाबावा. हाताला विरोध जाणवेनासा झाला की वाटी भरली असे समजावे. लिव्हर अजिबात लागत नसेल, तर कॅमशाफ्टचा उंचवटा पंपाच्या दांड्याला दाबून उभा आहे. पंखा हाताने थोडा फिरवून पुन्हा प्रयत्न करावा.

हे सर्व करूनही उन्हाळ्यातला त्रास राहिला, किंवा चांगल्या प्रतीचा पंप मिळेनासा झाला, तर इलेक्ट्रिक पंप योग्य आहे. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही 30 ऑक्टोबर 2023 पासून गेली, आणि टॅक्सीच्या मागणीवर चालणारा सुट्या भागांचा बाजारही हळूहळू आटतो आहे. त्यामुळे ही वेळ पुष्कळांवर येणार आहे.

पंप निवडताना एकच आकडा सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे दाब. टायरच्या हवेसाठी आपण जे पौंड म्हणतो, त्याच मापात सांगायचे तर या कार्बोरेटरला 2 ते 3 पौंड दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीतला पंप साधारण 40 पौंडांच्या पुढे दाब देतो. तो इथे लावला तर नीडल व्हॉल्व्ह क्षणभरही टिकणार नाही आणि पेट्रोल गरम इंजिनवर वाहील. ‘भंगारातून मारुतीचा पंप काढून लावतो’ असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्यावा, कारण इंजेक्शनच्या गाडीतला तो पंप असाच जास्त दाबाचा असतो. कार्बोरेटरसाठी बनवलेला, ठोक्याठोक्याने चालणारा, चौकोनी ठोकळ्यासारखा सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने चालणारा) पंप घ्यावा. वाटी भरल्यावर त्याचे ठोके मंदावतात, त्यामुळे तो कानाने तपासता येतो. सतत वेगाने टकटक वाजत राहिला तर तो हवा खेचत आहे किंवा टाकी रिकामी आहे, आणि इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवूनही ठोके थांबत नसतील तर पेट्रोल कुठेतरी वाया जात आहे. बाजारातल्या स्वस्त पंपांवर 4 ते 7 पौंड असे लिहिलेले असते. तसाच पंप मिळाला तर दाब कमी करणारा रेग्युलेटर लावणे सक्तीचे समजावे, आणि तो इंजिनवर न लावता मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, उष्णतेपासून दूर लावावा.

आता जागा. हे पंप ढकलण्यात बलवान आणि खेचण्यात दुबळे असतात, शिवाय खेचणे म्हणजे दाब कमी होणे आणि वाफेला आमंत्रण. म्हणून पंप मागे, टाकीच्या शक्य तितका जवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली असावा. बॉनेटखाली बसवल्यास जुन्या पंपाचेच दोष विकत घेतल्यासारखे होते, तरीही वायर वाचते म्हणून पुष्कळ गॅरेजवाले तिथेच बसवतात. मागे बसवताना सायलेन्सरच्या पाइपापासून पुरेसे अंतर ठेवावे, चाकाने उडणारा दगड लागणार नाही असा कोपरा पाहावा, आणि आवाज आत घुमू नये म्हणून रबराचे बुश वापरावेत. डिकीच्या आत किंवा प्रवासी बसतात त्या भागात पंप आणि त्याचे सांधे कधीही नसावेत, कारण पेट्रोलची वाफ बंद जागेत साठते. पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला, जाड जाळीचा फिल्टर आणि पलीकडे, कार्बोरेटरच्या आधी, बारीक फिल्टर ठेवावा. बारीक फिल्टर पंपाच्या अलीकडे लावला तर तो पंपाची ओढ अडवतो.

पाइपांच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मीटरवर मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा पाइप पेट्रोलमुळे काही महिन्यांत पिवळा आणि कडक होतो आणि निप्पलवरून आपोआप निसटतो. जुन्या पंपाच्या ओढीखाली तो निसटला तर गाडी फक्त बंद पडत असे. दाबाखाली तोच निसटला तर पंप रस्त्यावर किंवा गरम सायलेन्सरवर पेट्रोल ओतत राहतो. एसएई जे30 आर9 अशी खूण असलेला, इथेनॉल सोसणारा पाइप घ्यावा. गाडीखालची लांब लाइन धातूचीच ठेवावी, रबर फक्त दोन्ही टोकांना थोडे असावे, आणि खाचांच्या रुंद पट्टीच्या क्लिपांऐवजी छोट्या पाइपासाठीच्या पूर्ण गोल आवळणाऱ्या क्लिपा वापराव्यात, कारण रुंद क्लिपा छोट्या पाइपावर सर्व बाजूंनी सारख्या आवळल्या जात नाहीत.

जुना पंप इंजिनवर तसाच ठेवून त्याच्यामधून इलेक्ट्रिक पंपाचे पेट्रोल नेणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. माझ्याकडे एक पद्मिनी ‘ऑइल वाढत आहे’ अशा तक्रारीने आली होती. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर दोन बोटे होती आणि त्याला पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता. जुन्या पंपाचा डायफ्रॅम फाटला होता, आणि मागचा इलेक्ट्रिक पंप दाबाने पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये ढकलत होता. ऑइल इतके पातळ झाले होते की बेअरिंगे गेली होती, आणि ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी वाफ पेटली असती तर गाडीही गेली असती. म्हणून जुना पंप पूर्ण काढावा, त्याच्या जागी जाड पत्र्याची पट्टी पॅकिंगसह बसवावी, आणि पंप चालवणारी सुटी दांडी असेल तर तीही बाहेर काढून ठेवावी.

विजेची जोडणी करताना कॉइलच्या तारेतून पंपाला वीज देण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कॉइलचे व्होल्टेज पडते आणि पंपाला कोणतेही संरक्षण मिळत नाही. बॅटरीकडून थेट, सुरुवातीलाच 5 ते 7.5 अँपिअरचा फ्यूज असलेली 1.5 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 30 क्रमांकाच्या टोकाला यावी आणि 87 वरून ती पंपाकडे जावी. पंप साधारण 2 अँपिअर घेतो, त्यामुळे मागेपर्यंतच्या चार मीटरांत एवढ्या वायरीत फक्त 0.1 व्होल्ट घट होते. अर्थिंग मात्र रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर घट्ट करावे, कारण जुन्या गाडीत विजेचे निम्मे दोष अर्थिंगचे असतात. ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थ केलेली असू शकते, आणि ट्रान्झिस्टर असलेला पंप उलट जोडला तर लगेच जळतो. म्हणून आधी बॅटरीच्या कोणत्या टोकाची पट्टी बॉडीला गेली आहे ते प्रत्यक्ष पाहावे.

संरक्षणाचे तीन मार्ग आहेत, आणि त्यांतले दोन एकत्र असावेत असे माझे मत आहे. पहिला मार्ग ठिणगी ओळखणाऱ्या रिलेचा. हा रिले कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला जोडलेला असतो, किल्ली चालू केल्यावर एक-दोन सेकंद पंप चालवून लाइन भरतो, नंतर ठिणगीचे स्पंदन येत असेल तोपर्यंतच पंप चालू ठेवतो, आणि इंजिन थांबले की जवळजवळ लगेच तो बंद करतो. दुसरा मार्ग धक्क्याने उघडणाऱ्या इनर्शिया स्विचचा. गाडी आदळली की त्यातली गोळी जागेवरून सुटते आणि रिलेचा प्रवाह तुटतो. हा स्विच उभा, पक्क्या पत्र्यावर आणि हात पोहोचेल अशा ठिकाणी असावा, कारण मोठ्या खड्ड्यातही तो कधीतरी उघडतो आणि त्याचे बटण पुन्हा दाबावे लागते. तिसरा मार्ग ऑइल प्रेशर स्विचचा, आणि पूर्वी मीही तोच वापरत असे. त्यात सेल्फ मारताना पंपाला वेगळी वाट द्यावी लागते. शिवाय झिजलेल्या इंजिनचे ऑइल प्रेशर गरम झाल्यावर आयडलिंगला फार खाली येते, त्यामुळे नेमके सिग्नलवर उभे असताना पंप थांबण्याची शक्यता असते. म्हणून आपल्या गाडीसाठी पहिले दोन मार्ग घ्यावेत. एका बटणाने हवा तेव्हा पंप बंद करता येतो, एवढ्यावर समाधान मानू नये. अपघातात चालक बेशुद्ध असतो किंवा घाबरलेला असतो, आणि बटण कोण दाबणार, या प्रश्नाला उत्तर नसते.

काम करताना बॅटरीची पट्टी आधी काढावी आणि गाडी मोकळ्या हवेत घ्यावी. गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घेऊन टाकीची लाइन कधीही सोडू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून साठते, आणि खाली उभ्या माणसाच्या हातातल्या दिव्याचा बल्ब फुटला तरी ती पेटते. जवळ पावडरचा अग्निशामक असावा, आणि नंतरही तो गाडीत ठेवावा, पण डिकीत नव्हे, तर चालकाच्या हाताशी.

जोडणी झाल्यावर कार्बोरेटरच्या आधी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून दाब मोजावा. आयडलिंगला 2 ते 3 पौंड दिसला पाहिजे. मग इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून, दोन-तीन सेकंदांत पंप शांत होतो का ते ऐकावे. चालत्या इंजिनवर इनर्शिया स्विच हाताने उघडून पाहावा, वाटीतले पेट्रोल संपताच इंजिन बंद पडले पाहिजे. या दोन चाचण्या माझ्यासमोर झाल्याशिवाय मी गाडी मालकाच्या ताब्यात देत नाही, आणि आपणही त्या स्वतः उभे राहून करून घ्याव्यात. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी गाडीखाली वाकून सांधे पाहावेत आणि डिपस्टिकचा वास घ्यावा, आणि पहिल्या 500 किलोमीटरनंतर दोन्ही फिल्टर उघडावेत, कारण नव्या दाबाने टाकीतला बराच गाळ एकदम पुढे येतो.

जुना पंप फेकू नका. नवा डायफ्रॅम घालून, तेलाचा हात फिरवून, पट्टी काढून तो परत बसवण्यासाठी लागणारे पॅकिंग आणि दांडी यांच्यासह तो डिकीत ठेवावा. तसेच रिले, फ्यूज आणि इनर्शिया स्विच कुठे आहेत, हे एका कागदावर लिहून तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा, म्हणजे रात्री घाटात आपल्या मदतीला थांबणाऱ्या अनोळखी मेकॅनिकला तारा शोधत बसावे लागणार नाही.